लाईट येते, राऊटर येतो, पण बागेतलं ईएसपी३२ वायफायला परत चिकटत नाही

मंडपाखाली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा तोंड उघडतोय, कारण आता आईने हात टेकलेत.

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, गोडी छाटणी झाल्या झाल्या, बागेत एक ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) बसवलं. त्यावर तापमान-आर्द्रतेसाठी एसएचटी३१ आणि पान ओलं आहे की कोरडं ते सांगणारा सेन्सर. उद्देश एकच, डाऊनीचा (ओल्या पानांवर वाढणाऱ्या बुरशीजन्य रोगाचा) अंदाज. पान किती तास ओलं राहिलं हे कळलं तर फवारणी अंदाजपंचे करावी लागत नाही. दर ५ मिनिटांनी रीडिंग एमक्यूटीटीने (छोटे निरोप पाठवायची पद्धत) घरातल्या रास्पबेरी पायवर, म्हणजे एका छोट्या संगणकावर जातं. बोर्ड १२ व्होल्टच्या बॅटरीवर आहे, त्यामुळे तो बंद पडत नाही. राऊटर आणि पाय मात्र घरच्या लाईटवर. घर ते बोर्ड अंतर पावलांनी मोजलं, ८० मीटर भरलं.

महिनाभर झकास चाललं. लाईट गेली, आली, राऊटर दोन मिनिटांनी उठला की बोर्ड आपोआप जोडला जायचा. नोव्हेंबरच्या मध्यापासून हे बंद झालं. रात्री लाईट गेली की बोर्ड गेला तो गेलाच. सकाळी साडेनऊ-दहाला आई चहाची भांडी आवरून बागेत जाते, रिसेटचं बटण दाबते, आणि बोर्ड लगेच जोडला जातो. म्हणजे हार्डवेअर चांगलं आहे. कोडमध्ये मी एक अक्षर बदललेलं नाही. ऑटो रिकनेक्ट, म्हणजे तुटलं की आपोआप जोडायची सोय, 'ट्रू' केलेलं आहे.

आठवडाभर मी नोकरीवर असतो, फक्त शनिवार-रविवार घरी. आई बोर्डाला 'तुझं ते भूत' म्हणते. नेमकी डाऊनीची रात्रच कोरी राहते. काय चुकतंय?

अंबड_पीएलसी

राऊटर इन्व्हर्टरवर टाक ना भो. विषय संपला.

मंडपाखाली

इन्व्हर्टरची बॅटरी उन्हाळ्यात बसली. बाबा म्हणतात माल गेल्यावर बघू. द्राक्षवाल्यांच्या घरी सगळंच माल गेल्यावर असतं.

सोल्डरची_वाफ

राऊटरला यूपीएस लावून रोग झाकला जाईल, बरा होणार नाही. राऊटर कधी ना कधी रीस्टार्ट होणारच.

दोन गोष्टी सांगा. एक, १२ व्होल्टचे बोर्डाला किती करून देताय आणि कशाने? दोन, कोड. ऑटो रिकनेक्टशिवाय लूपमध्ये अजून काय आहे ते बघायचंय.

मंडपाखाली

सप्लाय: एलएम२५९६ चं बक (व्होल्टेज उतरवणारं) मॉड्यूल, ५ व्होल्टवर सेट केलेलं, तिथून बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनला. मीटरने ५.०८ दाखवतं.

कोड इथे टाकला की कंस गायब होतायत, म्हणून शब्दांत सांगतो. सेटअपमध्ये वायफाय बिगिन, आणि जोडलं जाईपर्यंत व्हाइल लूपमध्ये वाट बघणं. त्याला वेळेची मर्यादा नाही. मुख्य लूपमध्ये: स्टेटस 'कनेक्टेड' नसेल तर आधी डिसकनेक्ट, मग बिगिन, मग ५ सेकंद थांब, परत तपास, नसेल तर पुन्हा डिसकनेक्ट, बिगिन, ५ सेकंद. एका ट्युटोरियलमधून उचललंय, खोटं कशाला बोलू.

सोल्डरची_वाफ

सप्लाय ठीक वाटतो. मला वाटलं होतं लिथियमचा एक सेल थेट ५ व्होल्टच्या पिनला दिला असेल. तसं करणारे इथे दर महिन्याला एक येतात. बोर्डावरच्या एएमएस१११७ रेग्युलेटरला साधारण १ व्होल्टच्या वर फरक लागतो. ३.७ मधून तो ३.३ देऊ शकत नाही, आणि वायफायचं रेडिओ सुरू झालं की 'ब्राउनआउट' म्हणून बोर्ड आपटतो. तुमचं ते नाही. तरी बोर्डाजवळ ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर टाकून ठेवा, पाच-दहा रुपयांचं काम आहे.

आता कोड. जोडणीच्या पायऱ्या बघा: नेटवर्क शोधायचं, ऑथेंटिकेशन, असोसिएशन, मग पासवर्डची चार टप्प्यांची देवाणघेवाण, मग राऊटरच्या डीएचसीपीकडून आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता. सिग्नल चांगला असेल तर हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं. सिग्नल अशक्त असेल किंवा राऊटर अजून डोळे चोळत असेल तर दहा सेकंदही लागतात. तुम्ही पाचव्या सेकंदाला डिसकनेक्ट मारून अर्धवट झालेलं काम मोडताय आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करताय. रात्रभर. पोराला झोप लागत आली की दर वेळी उठवून विचारायचं, 'झोपलास का रे?'

वर ऑटो रिकनेक्टही चालू. तो स्वतःच्या तंत्राने जोडायचा प्रयत्न करणार, तुम्ही तुमच्या. एका म्यानात दोन तलवारी.

आणि आईने रिसेट दाबल्यावर का जोडलं जातं? कारण सेटअपमध्ये तुम्ही वेळेची मर्यादा घातलेली नाही. तिथे तो निवांत जोडून घेतो.

असं करा. ऑटो रिकनेक्ट बंद, सगळी सूत्रं तुमच्या हातात. डिसकनेक्ट होऊन ३० सेकंद झाले तरच नवा प्रयत्न, मधे हात लावायचा नाही. डिले वापरू नका, मिलीस (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) वापरा. तुलना मात्र 'आत्ताचं वजा मागचं' अशीच करा, 'आत्ताचं मोठं आहे का मागचं अधिक ३०,०००' अशी नको. मिलीस साधारण ४९.७ दिवसांनी शून्यावर येतं आणि तेव्हा दुसरी पद्धत गंडते. वजाबाकी अनसाइन्ड असली की आपोआप निभावते.

शेवटचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: वायफायचे इव्हेंट पकडा. 'स्टेशन डिसकनेक्टेड' या इव्हेंटबरोबर कारणाचा क्रमांक येतो, तो छापा. स्टेटस नुसतं 'नाही' म्हणतं, कारणाचा क्रमांक 'का नाही' ते सांगतो. इव्हेंटच्या फंक्शनमध्ये दुसरं काही करू नका. ते वेगळ्या टास्कमध्ये चालतं, तिथे थांबाथांबी केली की तिसरंच झेंगट उभं राहतं. नुसता एक फ्लॅग लावा, बाकी काम लूपमध्ये.

नवशिकी_गंगापूररोड

मधेच घुसते, सॉरी. माझं ईएसपी३२ घरी चालतं, पण कॉलेजात डेमोला मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडलंच नाही. सर समोर उभे आणि स्क्रीनवर नुसते टिंब टिंब टिंब. कारण क्रमांक २०१ येतो.

सोल्डरची_वाफ

ताई, २०१ म्हणजे 'नेटवर्क दिसलंच नाही'. आयफोन आहे का? त्याचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर जातो, आणि हे बोर्ड फक्त २.४ वर ऐकतं. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'मॅक्सिमाइझ कॉम्पॅटिबिलिटी' चालू करा.

नवशिकी_गंगापूररोड

झालं!!! दोन आठवडे मी पासवर्ड बदलत बसले होते 🙏

मंडपाखाली

शनिवारी घरी आलो, वाफदादा म्हणाले तसा कोड बदलला. राऊटरची पिन काढली, दोन मिनिटांनी लावली. दुपारी तीनला तीनदा केलं, तिन्ही वेळा बोर्ड परत आला. एकदा ९ सेकंद लागले, एकदा १४. म्हणजे जुन्या कोडला हे जमलंच नसतं. मला वाटलं सुटलो.

रात्री साडेअकराला खरोखरची लाईट गेली, पाऊणला आली. बोर्ड नाही आला. लॉग कार्डवर लिहून ठेवला होता, रविवारी सकाळी काढला. क्रम असा: पहिल्यांदा २००, मग २०१, २०१, २०१, मधेच १५, परत २०१, एकदा २०४, पुन्हा २०१ ची रांग. १५ आलं म्हणजे पासवर्ड चुकतोय का?

सोल्डरची_वाफ

२०० म्हणजे राऊटरचे बीकन ('मी इथे आहे' असे तो सतत पाठवतो ते इशारे) ऐकू येईनासे झाले. लाईट गेली तो क्षण, बरोबर आहे. २०१ वर आलंच. १५ आणि २०४ म्हणजे ती चार टप्प्यांची देवाणघेवाण वेळेत पुरी झाली नाही. पासवर्ड चुकीचा असला तरी १५ येतो, पण तुमचा पासवर्ड दुपारी बरोबर आणि रात्री चूक असं तर होणार नाही. म्हणजे बोलणं अर्धवट ऐकू जातंय. कधी नेटवर्क दिसतच नाही, कधी दिसतं पण बोलणं पुरं होत नाही.

सिग्नल किती आहे? आरएसएसआय, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा, छापा. तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. आणि बोर्ड कसल्या डब्यात आहे? पत्र्याच्या असेल तर आधी तो बदला.

अंबड_पीएलसी

एवढं कशाला? १० मिनिटं वायफाय नसेल तर रीस्टार्ट मारायचा. आमच्या कंपनीत अर्ध्या मशीन यावरच चालतात.

सोल्डरची_वाफ

तो शेवटचा उपाय, पहिला नाही. रीस्टार्टने रॅममधली न पाठवलेली रीडिंग जातात. आणि या बोर्डाला रिले आहे का ते आधी विचारा.

मंडपाखाली

आहे. फॉगरच्या (पाण्याचे बारीक तुषार उडवणारा) व्हॉल्व्हचा रिले, पिन ५ वर. डबा प्लास्टिकचाच आहे.

अंबड_पीएलसी

पिन ५ वर?? मग माझे शब्द मागे घेतो. ती बूट होताना स्वतःच हलते. रीस्टार्ट झाला की रिले टकटक करणार, थंडीत रात्री दोनला फॉगर सुरू. मागे माझ्या मेव्हण्याच्या शेतात असाच स्टार्टर उचलला होता, मोटार कोरडी चालली. आधी रिले २६ वर घे, आणि मॉड्यूल ज्या बाजूला बंद राहतं तिकडे १० के चा रेझिस्टर ओढ. मग रीस्टार्टचं बघू.

मंडपाखाली

बदलतो. व्हॉल्व्ह रात्री टकटकतो असं आई म्हणाली होती, मी म्हटलं उंदीर असेल.

बिनतारी_निवृत्त

धागा वरपासून वाचला. माझं आयुष्य मायक्रोवेव्हच्या टॉवरवर चढण्या-उतरण्यात गेलं, त्यामुळे कोडबिड मला फार कळत नाही. मंडपाखाली, तुम्ही स्वतःच तीन गोष्टी लिहिल्यात आणि पुढे गेलात. छाटणी झाल्या झाल्या बसवलं. महिनाभर चाललं. नोव्हेंबरच्या मध्यापासून बिघडलं.

आता मला सांगा: पहिल्या आठवड्यात बोर्डावरून घराची खिडकी दिसत होती का? आज दिसते का?

आणि एक प्रयोग करा. पुढच्या वेळी रात्री लाईट गेली तर सकाळी कोणीही रिसेट दाबायचं नाही. आईंनाही सांगा. बोर्ड आपणहून कधी येतो ते बघा.

मंडपाखाली

काका, तुम्ही लिहिलंत आणि मी वाचून नुसता बसून राहिलो.

छाटणीनंतर बाग म्हणजे तारा आणि काड्या. बोर्डाजवळ उभं राहिलं की घराची खिडकी, खिडकीतला राऊटर, त्याचा हिरवा दिवा, सगळं दिसायचं. आज तिथे उभं राहिलं तर शेजारची ओळ दिसत नाही. डोक्यावर पानांचं छत आणि बोर्ड त्याच्या खाली, कारण सेन्सर पानांत हवा होता.

प्रयोग केला. सोमवारी पहाटे लाईट गेली आणि आली. आईला फोनवर सांगितलं हात लावू नको. ती म्हणाली, "बरं झालं, भुतालाही सुट्टी." बोर्ड १० वाजून २० मिनिटांनी आपणहून जोडला गेला. कोणी काही केलं नाही. मंगळवारीही तेच, १० वाजून ५ मिनिटं.

आरएसएसआय: पहाटे जोडलाच जात नाही, त्यामुळे आकडा नाही. सकाळी जोडल्यावर -८७. दुपारी -८१. ऑक्टोबरच्या जुन्या लॉगमध्ये बघितलं तर -६८.

बिनतारी_निवृत्त

म्हणजे दहिवर. रात्री पानांवर पाणी, ऊन आलं की दहाच्या सुमाराला वाळतं. तुमचा पान ओलं सांगणारा सेन्सरच बघा, तो किती वाजता 'कोरडं' म्हणतो आणि बोर्ड किती वाजता येतो. आईंचं रिसेट साडेनऊ-दहाला लागू पडत होतं त्यात दहिवर उठण्याचा मोठा वाटा आहे. जोडलेली जोडणी अशक्त सिग्नलवरही कशीबशी तग धरते. म्हणून लाईट न गेलेल्या रात्री तुम्हाला काही कळलं नाही. पण एकदा तुटली की नव्याने जोडायला सगळे टप्पे पार पडावे लागतात, आणि ते -८७ च्या खाली होत नाही.

-६८ वरून -८१ म्हणजे १३ डेसिबल. पोचणारी शक्ती विसाव्या हिश्श्यावर आली. ओल्या पानांत अजून कमी.

सायखेडा_शिवार

बरोबर आहे, मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ वरच चालतो ना, पाण्याचा रेझोनन्स तिथेच आहे म्हणून.

बिनतारी_निवृत्त

नाही हो. हा गैरसमज फार जुना आहे. पाण्याच्या रेणूचा २.४ वर काही खास रेझोनन्स नाही, पाणी बऱ्याच मोठ्या पट्ट्यात शोषून घेतं. ओव्हनला तो पट्टा मिळाला एवढंच. पण निष्कर्ष बरोबर, ओली पानं वायफाय खातात.

आता उपाय. अँटेना पानांच्या वर काढा. नुसती वर नाही, थोडी मोकळी जागा ठेवून. रेडिओची लहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही, मधे फुगते. २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. ८० मीटरच्या मध्यावर तो फुगवटा साधारण १.६ मीटर त्रिज्येचा होतो. त्यातला ६० टक्के मोकळा मिळाला तरी भागतं, म्हणजे पानांच्या शेंड्यापासून साधारण एक मीटर वर. दुसऱ्या टोकाला राऊटरही उचला. खिडकीच्या खालच्या कट्ट्यावर ठेवून उपयोग नाही.

सायखेडा_शिवार

नाहीतर सरळ लोरावर जा, म्हणजे लांब पल्ल्याच्या, कमी वेगाच्या रेडिओवर. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला आपल्याकडे लायसन्स लागत नाही. पानांतून २.४ पेक्षा बरं जातं आणि एवढंसं रीडिंग पाठवायला पुरून उरतं. आमच्याकडे नदीकाठच्या मळ्यातून गावात येतं.

मंडपाखाली

लोराचा मोह होतोय, पण या हंगामात नवं काही नको. माल गेल्यावर बघू (झालो मी पण बाबांसारखा).

सोल्डरची_वाफ

बोर्ड वर न्यायचा की सेन्सर खाली सोडायचे हे ठरवा. एसएचटी३१ आय-टू-सी वर (कमी अंतरासाठीची सेन्सर जोडणी) आहे, त्याची वायर लांबवली की तो रुसतो. मीटरभर ठीक, दोन-तीन मीटरला वेग कमी करून आणि पुल-अप बदलून नशिबाची परीक्षा. त्यापेक्षा बाहेरच्या अँटेनाचं मॉड्यूल घ्या, रूम-३२यू म्हणतात ते, बारीक सॉकेटवालं. बोर्ड खालीच राहू दे, फक्त अँटेना वर. केबल मात्र लागेल तेवढीच, उगाच पाच मीटरचं वेटोळं नको, त्यातही सिग्नल झिजतो. आणि वायफायची झोप बंद करा, सेट-स्लीप 'फॉल्स'. बीकन कमी चुकतात. बॅटरी थोडी जास्त खाईल, १२ व्होल्टवर आहात, चालतंय.

मंडपाखाली

झालं मंडळी. सविस्तर लिहितो.

जुन्या ठिबकच्या फिल्टरजवळ गंजलेला जीआय पाईप पडला होता, १२ फुटी. बाबांनी तो ओळीच्या टोकाच्या अँगलला तारेने बांधला. थोडा वाकडा आहे. मी म्हटलं सरळ करू, बाबा म्हणाले, "तुझं वायफाय सरळ चालू दे, पाईपाचं राहू दे." वर अँटेना, खाली अडीच मीटर केबल, बोर्ड पानांखाली होता तिथेच. राऊटर खिडकीच्या कट्ट्यावरून माडीवर नेला. एमजी रोडवरून आणलेलं पहिलं मॉड्यूल साध्या अँटेनाचंच निघालं, पुढच्या शनिवारपर्यंत थांबावं लागलं, त्यामुळे उत्तराला उशीर.

दुपारी आरएसएसआय -७०. पहाटे साडेपाचला, पानं ठिबकत असताना, -७३.

रिले २६ वर घेतला, रेझिस्टर लावला. व्हॉल्व्हची रात्रीची टकटक बंद. उंदीर निर्दोष.

एक नवीन भानगड निघाली. लाईट आल्यावर वायफाय जोडलं जातं, पण पहिली दोन-तीन रीडिंग गायब. आणि त्या वेळात बोर्ड ठार थांबल्यासारखा.

सोल्डरची_वाफ

ते वायफाय नाही, एमक्यूटीटी. राऊटर उठला तरी पाय अजून उठत असतो. ब्रोकर (पायवरचा निरोप घेणारा प्रोग्राम) जागा नाही आणि तुमची लायब्ररी त्याचं दार वाजवत तिथेच अडून बसते. दोन्हींची घड्याळं वेगळी ठेवा: वायफाय आहे का, असेल तरच ब्रोकरला प्रयत्न, तोही दर १५ सेकंदांनी एकदा. सॉकेटचा टाइमआउट कमी करा. आणि जोडणी नसताना आलेली रीडिंग वेळेसकट फ्लॅशवर (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) लिटलएफएस फाइल सिस्टममध्ये लिहा, जोडलं गेलं की जुनी आधी पाठवा. डाऊनीला सलग तास लागतात, त्यात भोक पडून चालणार नाही.

अंबड_पीएलसी

आणि आता रिले सुधारलाय तर रीस्टार्टही टाक शेवटी. अर्धा तास काहीच जमलं नाही तर. माझं मन राख.

मंडपाखाली

टाकला, रीडिंग फ्लॅशवर उतरवून मग रीस्टार्ट. अकरा रात्री झाल्या. चार वेळा लाईट गेली, चारही वेळा राऊटर आल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत जोडणी. अर्ध्या तासाचा रीस्टार्ट एकदाही लागला नाही, पीएलसीदादा. काल रात्रीचा आलेख पहिल्यांदा अखंड आला: रात्री ११ पासून सकाळी पावणेदहापर्यंत पान ओलं. बाबांनी तो मोबाईलवर मोठा करून बघितला आणि पंप काढायला गेले.

बिनतारी_निवृत्त

छान. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की परत आकडा घ्या. -६५ च्या आसपास यायला हवा. तो इथे लिहा, मी वाट बघतोय. आणि पाईपावर वीज पडायची सोय करून ठेवलीत, वळवाच्या आधी उतरवा.